झाडावरचा माळा

भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावर भात-नाचणी पिकायला लागली की रानडुकरं उतरतात आणि राखणदार माळ्यावर चढतो. माळा कधी चार मेढींवर, कधी आंब्या-जांभळाच्या बेचक्यात. खाली बांबू, वर गवताचं छप्पर. शहरातल्या पाहुण्यांना भुरळ घालणाऱ्या 'ट्री-हाऊस'चं मूळ रूप मला या माळ्यातच दिसतं. नकाशा झाडच देतं. बेचकं जसं, तसा माळा.

झाड उंच वाढतं ते शेंड्याकडून, त्यामुळे माळा वर्षानुवर्षं त्याच उंचीवर राहतो. खोड मात्र जाड होत जातं, आणि खरा धोका तिथे आहे. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. दोरीचा घट्ट वेढा रुतला की ती वाट तुटते, झाड वाळू लागतं. वाऱ्यात दोन खोडं वेगवेगळी डोलतात, म्हणून दोन्हींना पक्की ठोकलेली तुळई तडकते. हल्ली खोडात एकच जाड पोलादी बोल्ट बसवून त्यावर सरकती तुळई ठेवतात. राखणीचा माळा सुगीनंतर सुटतो, झाड मोकळं होतं. तुम्ही कायमचा बांधणार असाल, तर दोरीचे वेढे दरवर्षी सैल करा.