घरच्या बियाण्याची नोंद

परभणीच्या कृषी विद्यापीठाने (स्थापना 1972, 2013 पासून वसंतराव नाईक यांच्या नावाने) 1980 च्या दशकाच्या मध्यास ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण प्रसारित केला. पांढरी माशी पसरवते त्या केवडा या विषाणुजन्य रोगात पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, फळही पिवळट होते आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. म्हणून ‘पुसा सावनी’ या प्रचलित वाणाचा भेंडीच्या एका रानटी भाऊबंद प्रजातीशी संकर करून रोगप्रतिकारकता आणली गेली.

या संशोधनाने समाजाला काय दिले, हे शोधनिबंधांच्या संख्येवरून कळत नाही. अर्थशास्त्रज्ञ झ्वी ग्रिलिचेस यांनी 1958 मध्ये अमेरिकेतील संकरित मक्याच्या संशोधनाचा सामाजिक परतावा काढला, तेव्हा एका पद्धतीने तो वर्षाला किमान 700 टक्के, तर दुसऱ्या पद्धतीने 35 ते 40 टक्के आला. एकाच कामाच्या दोन उत्तरांतील ही तफावत पाहता, असे आकडे मिरवणाऱ्यांनी पद्धतही सांगायला हवी. शिवाय प्रत्येक गणिताला ‘प्रतितथ्य’, म्हणजे हा वाण नसता तर काय झाले असते याचा अंदाज, गृहीत धरावाच लागतो.

मक्याचे संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागत असल्याने त्याच्या प्रसाराचा माग विक्रीवरून लागतो. परभणी क्रांती मात्र सरळ वाण, म्हणजे ज्याचे बी शेतकऱ्याला घरीच राखता येते असा, आणि शेजाऱ्याला दिलेल्या मूठभर बियाण्याची पावती कोणी फाडत नाही. त्यामुळे केवळ विक्री मोजणारे मूल्यमापन, छोट्या शेतकऱ्याला जिथे सर्वाधिक लाभ झाला, नेमके तिथेच आंधळे ठरते. उत्पादन वाढून भाव उतरले तर लाभाचा वाटा ग्राहकाकडे सरकतो. दिवसाआड तोडणी करणाऱ्या, बहुधा स्त्री असलेल्या मजुराच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न तर क्वचितच विचारला जातो. पुढे या वाणाची प्रतिकारकताही ओसरत गेली, म्हणजे लाभ कोणत्या वर्षी मोजला यावरही उत्तर बदलते.

याच विद्यापीठात इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित होऊन 2018 मध्ये प्रसारित झालेल्या ‘परभणी शक्ती’ या लोह व जस्त अधिक असलेल्या ज्वारीबाबत एकरी उतारा पाहून भागत नाही. भाकरी कोणाच्या ताटात जाते आणि खाणाऱ्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन वाढते का, हे तपासावे लागते, आणि त्यासाठी पहिली नोंद बियाणे गावात पोहोचण्यापूर्वीच घ्यावी लागते.