उणे आणि भांडवल



हैदराबादेच्या जामबाग भागात विवेकवर्धिनी संस्थेने मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना शिकविले. आपल्या सर्वच शाळांचे एक वळण असते: मूल ज्या विषयात कच्चे, त्याची उजळणी अधिक. परीक्षेपुरते ते योग्यच आहे, कारण तेथे प्रत्येक विषयात उत्तीर्ण व्हावे लागते. परंतु हीच सवय घेऊन तरुण धंद्यात उतरला, की त्याची उमेदीची वर्षे उणिवा भरून काढण्यातच सरतात. गिऱ्हाईक गुणपत्रिका पाहत नाही. जे उत्तम जमते, त्याचेच तो पैसे देतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. चित्रकार होण्यासाठी 1885 साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे कळले, की त्यांच्या दृष्टीत अंशतः रंगांधळेपणा आहे. चित्रकाराला याहून मोठे वैगुण्य कोणते? पण त्यांची रेघ अचूक होती, आणि यंत्रांच्या आराखड्यांना रंगांची गरज नसते. रंगांचा नाद सोडून ते यंत्ररेखन शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत तेच शिकवू लागले. नंतर बेळगावात सायकलींचे दुकान झाले, कडबा कापण्याची यंत्रे झाली आणि लोखंडी नांगर झाला.

नांगराला पहिले गिऱ्हाईक मिळण्यास मात्र दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. एवढ्या काळात एखाद्याने तो माल सोडून दुसराच धंदा शोधला असता. (आपल्यापैकी बहुतेकांनी शोधला असता, असे मला वाटते.) लक्ष्मणराव हाती साधलेल्या कामाला चिकटून राहिले.

1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा माणसांच्या बाबतीतही हीच नजर कामी आली. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. त्यांना शाळेचे राहिलेले धडे गिरवायला न बसविता यंत्रांशी झगडू दिले, आणि ते कल्पक यंत्रज्ञ झाले. वसाहतीची आखणी व व्यवस्था बंधू रामुअण्णांकडे होती, हिशेब मंगेशराव रेगे पाहत.

या शेवटच्या नावाकडे दुर्लक्ष करू नये. उणिवांकडे पाहूच नये, असा याचा अर्थ नाही. वसुली थकली, वजन कमी भरले, दिलेली वेळ टळली, तर कसलेही कसब दुकान तारू शकत नाही. अशी छिद्रे बुजवलीच पाहिजेत; मात्र ती स्वतःच बुजवावीत असे नाही, आणि ती बुजली म्हणून गिऱ्हाईक वाढते असेही नाही. जामबागेतील एखादा शिंपी कापडात तरबेज आणि वहीत कच्चा असेल, तर रात्री जागून जमाखर्च शिकण्यापेक्षा त्याने आठवड्यातून दोन संध्याकाळ एखादा कारकून ठेवावा आणि तो वेळ कात्रीला द्यावा.