पेन ड्राइव्हमधला संगणक
कोलकात्यातील खिदिरपूरचे फॅन्सी मार्केट परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी नावाजलेले आहे. अशा बाजारातला साधा पेन ड्राइव्हही आपल्या अडल्या वेळी कामाला येतो. संगणक सुरूच होत नसेल, पण हार्ड डिस्क शाबूत असेल, तर 'लाइव्ह लिनक्स' थेट पेन ड्राइव्हवरून चालवून घरचे फोटो बहुधा वाचवता येतात. जर्मनीच्या क्लाऊस क्नॉपर यांच्या 'क्नॉपिक्स'ने २००० सालापासून ही कल्पना लोकप्रिय केली.

'डेबियन'च्या 'लाइव्ह-बिल्ड' या मोफत स्क्रिप्ट वापरून असे लिनक्स स्वतःही घडवता येते. मराठी फॉन्ट, मुलांचे खेळ, जे हवे त्याची यादी करायची. स्क्रिप्ट ते सारे इंटरनेटवरून आणून एका फाइलीत बसवते. यादी बदलली, की पुन्हा चालवायची.

मात्र पेन ड्राइव्हवरची आधीची माहिती पुसली जाते. ती अगोदर दुसरीकडे ठेवावी.