किल्ली डावीकडे फिरवा!

काही घरांचं कुलूप उलटं फिरतं. घरच्या माणसांच्या ते हातवळणी पडलेलं असतं. पण शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून गावाला निघालेला शहाणा माणूस जाता जाता सांगतो, "अहो, किल्ली डावीकडे फिरवा बरं का!" हे चार शब्द राहून गेले, तर शेजारी कुलूप तरी मोडतो नाहीतर किल्ली. संगणकाच्या कारभारातही अशी उलटी कुलुपं असतात. आज त्यांच्याविषयी थोडं बोलू.

आपण संगणकाच्या पडद्याचा उजेड कमीजास्त करतो, तेव्हा आतमध्ये काय घडतं? पडद्यामागचे दिवे सेकंदाला शेकडो वेळा लागतात आणि विझतात. लागलेला काळ अधिक, तर उजेड अधिक. डोळ्याला ही उघडझाप जाणवत नाही, सरासरी तेवढी दिसते. दिव्यांना किती वेळ जळायचं ते सांगणारा जो मजकूर, त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. त्याचं काम साधं दिसतं: मोठा आकडा म्हणजे लख्ख उजेड, शून्य म्हणजे काळोख.

पण यंत्र बनवणारे कारखाने अनेक, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. लिनक्स ही प्रणाली १९९१ साली लिनस टोरव्हाल्ड्स यांनी सुरू केली. तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो. त्यात इंटेलच्या चित्रयंत्रणेच्या ड्रायव्हरमध्ये अशा तऱ्हांची एक यादीच आहे. एसरच्या ॲस्पायर ५७३४झेड या संगणकाचं नाव तिथे टिपेत दिलेलं आहे. त्याचं कुलूप उलटं! तिथे शून्य म्हणजे पूर्ण उजेड आणि सर्वांत मोठा आकडा म्हणजे काळोख. संगणक आतून नीट चाललेला, पण पडदा मात्र काळाठिक्कर. मालकाला वाटावं, यंत्र मेलं! उपाय एका वजाबाकीचा आहे. समजा, कमाल आकडा १०० आणि आपण मागितले ८०. तर यंत्राला २० सांगायचे, की काम झालं.

आता विचार करा. ही वजाबाकी मजकुरात नुसतीच लिहिली असती तर? पाच वर्षांनी एखादा नवखा, हुशार कार्यकर्ता ती वाचेल. त्याच्या टेबलावरचं यंत्र सरळ स्वभावाचं. तो म्हणेल, "ही काय भलतीच उलटापालट!" आणि साफसफाई म्हणून ती ओळ पुसून टाकील. त्याच्याकडे काहीच बिघडणार नाही. बिघडेल ते दूर कुठेतरी, त्याच जुन्या यंत्रावर काम करणाऱ्या माणसाकडे, आणि त्याला कारणही कळणार नाही.

दुसरं उदाहरण याहून गमतीचं आहे. "सध्या उजेड किती?" असं विचारण्याची एक ठरीव पद्धत संगणकात असते. पण काही यंत्रं केव्हाही विचारा, "कमाल" असंच उत्तर देतात! म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर आधी परीक्षा घेतो. कमाल असं उत्तर आलं, की मुद्दाम निराळा उजेड लावून पुन्हा विचारतो. उत्तर बदललं तर यंत्र खरं बोलतं. नाही तर त्याच्या बोलण्यावर विसंबायचं नाही. न मागितलेला उजेड लावण्याचा हा उद्योग कोणालाही खुळेपणाचा वाटला असता. परंतु त्याच्या डोक्यावरच कारण लिहून ठेवलेलं आहे.

मग चांगली टीप कोणती? 'ही ओळ काढू नका' एवढंच लिहिणं म्हणजे टीप नव्हे, तो धाक झाला. धाकाला माणूस काही दिवस भितो, मग विसरतो. टिपेनं चार गोष्टी सांगाव्यात: यंत्र नेमकं कोणतं, त्यावर काय दिसलं, त्यावर काय उपाय केला, आणि तो उपाय कधी अनावश्यक ठरेल. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि मग मेलेल्या यंत्रांसाठी केलेले उपाय वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात.

आणखी एक. असा दोष एका माणसाच्या टेबलावर कधीच सगळा सापडत नाही. म्हणूनच इंटेलच्या त्या ड्रायव्हरमध्ये उजेड उलटा करण्याची एक खुंटी ठेवलेली आहे, आणि तिच्या वर्णनात विनंती आहे, की ही खुंटी तुम्हाला फिरवावी लागली तर आपल्या यंत्राचे ओळखक्रमांक कळवा, म्हणजे पुढच्या आवृत्तीत त्याची नोंद होईल. एकानं अंधारात चाचपडून शोधलेली वाट अशी पुढच्या सर्वांना मिळते.

तेव्हा आपण संगणकाचा मजकूर लिहीत असा, गिरणीतलं यंत्र चालवत असा, नाहीतर घरचा पाण्याचा पंप. त्याची खोड कळली की ती आजच लिहून ठेवा, आणि कारणासकट लिहा. उद्या किल्ली दुसऱ्याच्या हातात जायची आहे.