सूर लावायचा पाण्याने

जलतरंगाच्या मैफिलीत गत सुरू होण्याआधीचं कामच बघण्यासारखं असतं. अर्धवर्तुळात मांडलेली चिनी मातीची पंधरा-सोळा, कधी वीस-बावीस वाडगी. डावीकडे मोठी, उजवीकडे लहान होत गेलेली. वादक तंबोऱ्याकडे कान लावून एकेका वाडग्यात चमच्याने पाणी घालतो, काठावर बांबूची काडी हलकेच मारतो, जास्त झालं तर थोडं काढून घेतो. पाणी वाढलं की सूर उतरतो, कारण थरथरणाऱ्या भांड्यावर ओझं वाढतं. म्हणजे पाण्याने सूर फक्त उतरवता येतो, चढवता येत नाही. वाडगं कोरडं असताना हव्या सुरापेक्षा चढं बोलायला हवं. म्हणून विकत घेताना नक्षी बघून भागत नाही. माठासारखं वाजवून घ्यावं लागतं. केसाएवढी चीर असली तरी आवाज बद्द येतो, आणि सेटमधलं एक वाडगं फुटलं की त्याचा जोड शोधणं आलं.

पुण्याचे मिलिंद तुळाणकर हे वाद्य वाजवतात. शिकले ते आजोबांकडे, पं. शंकर कान्हेरे यांच्याकडे. शिकवणारे मुळात इतके थोडे, की घरातच गुरू मिळणं हे भाग्यच म्हणायचं.

आपल्या संगीताचा जीव मींडेत, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्यात, आणि काडीचा आघात तर टिंग करून विरतो. त्यावर वादकांनी तोड काढली आहे. आघात झाल्यावर लगेच काडीचं टोक पाण्याला लावून पाणी हलवायचं, सूर लहरतो. कानाला गोड लागतं, पण सतारीची मींड ती नव्हे. माझं विचाराल तर विलंबित आलापात हे वाद्य उघडं पडतं. द्रुत गत आणि झाला सुरू झाला, की मात्र त्याला जोड नाही.

टिकणारा सूर युरोपने काच घासून मिळवला. ओल्या बोटाने प्याले वाजवणारे तिकडे होतेच. त्यांचं वादन ऐकून बेंजामिन फ्रँकलिनने १७६१ मध्ये काचेची ३७ वाडगी एकात एक बसवून आडव्या दांड्यावर ओवली आणि पायाने फिरवायची सोय केली. त्यात पाणी भरायचं नसतं. प्रत्येक वाडग्याचा सूर त्याच्या घडणीतच ठरलेला. मोत्झार्टने १७९१ मध्ये मारियान किर्शगेस्नर या अंध वादिकेसाठी या ग्लास हार्मोनिकावर रचना केली. पुढे सभागृहं मोठी झाली, वाद्याचा नाजूक आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचेना. शिवाय वाजवणाऱ्याला वेड लागतं अशी वदंता उठली. वाद्य अडगळीत गेलं.

जलतरंगाची अडचण वेगळी. राग बदलला की कोमल-तीव्र पुन्हा लावा. दिव्यांच्या उष्णतेने पाणी आटलं, सूर चढला, की चमचा पुन्हा हातात. इतकी यातायात करणारे वादक म्हणूनच थोडे.

तुमच्या गावात जलतरंग कधी लागलाच, तर अर्धा तास आधी जा आणि पुढची जागा धरा. सूर लावताना बघितलंत, तर पुढचं वादन जास्त कळेल.