अपवृक्क लक्षणसमूहातील सूक्ष्मपुटींची उत्पत्ती

मूत्रपिंडातील पुटी म्हणताच बहुपुटी मूत्रपिंडाची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. त्या विकारात द्रवाने भरलेल्या असंख्य पिशव्या मूत्रपिंडाचा आकार अनेक पटींनी वाढवितात, आणि त्या नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. अपवृक्क लक्षणसमूहाने, म्हणजेच नेफ्रोटिक सिंड्रोमने, ग्रस्त झालेल्या काही मूत्रपिंडांत मात्र निराळ्याच प्रकारच्या पुटी आढळतात. त्या सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखता येतात, नलिकांपासून सुटत नाहीत, आणि त्यांचे मूळ नलिकेत नसून नलिकेच्या वर असलेल्या गाळणीत असते. या तिसऱ्या विधानाला बरीच वर्षे निश्चित पुरावा नव्हता. तो कसा मिळाला आणि त्यातून पुटीभवनाच्या क्रियेवर कोणता प्रकाश पडतो, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम लक्षणसमूहाची व्याख्या. प्रौढ व्यक्तीच्या मूत्रातून दिवसाला साधारणतः १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिन जाते. हे प्रमाण ३.५ ग्रॅमच्या वर गेले, रक्तातील अल्ब्युमिन घटले आणि अंगावर सूज आली, म्हणजे अपवृक्क लक्षणसमूह सिद्ध होतो; रक्तातील मेदाची वाढ ही त्याची नित्याची सोबत होय. हा एक रोग नव्हे, अनेक रोगांचे समान फलित आहे. म्हणूनच त्यातील पुटींचे स्वरूपही सर्वत्र सारखे असण्याचे कारण नाही. बालकांत सर्वाधिक आढळणाऱ्या अल्पतम-बदल प्रकारात प्रथिनस्राव प्रचंड असतो. तथापि तो बहुधा स्टेरॉइडने थांबतो आणि सूक्ष्मपुटी सहसा दिसत नाहीत. याच्या उलट टोकाला फिनलंडमधील जन्मजात अपवृक्कता उभी आहे. पुटीभवनाचा अभ्यास करावयास याहून अनुकूल उदाहरण क्वचितच सापडेल.

हेलसिंकी येथील बालरोगतज्ज्ञ निलो हाल्मन व त्यांचे सहकारी यांनी १९५६ मध्ये या विकाराचे वर्णन केले. अशी बालके बहुधा अकाली जन्मतात, त्यांची वार जन्मवजनाच्या चतुर्थांशाहूनही जड असते, आणि प्रथिनस्राव गर्भाशयातच सुरू झालेला असतो. फिनलंडमध्ये सुमारे ८,००० ते १०,००० जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. रेयो नोरिओ यांनी १९६६ मध्ये कुटुंबांच्या अभ्यासावरून त्याची आनुवंशिकता अप्रभावी असल्याचे दाखवून दिले. या बालकांच्या मूत्रपिंडांच्या बाह्यकात समीपस्थ नलिका ठिकठिकाणी फुगलेल्या दिसत. त्यांच्या पोकळीत प्रथिनयुक्त द्रव साचलेला असे, आणि भित्तीवरील घनाकार पेशी चपट्या झालेल्या असत. हे दृश्य इतके लक्षवेधक होते की, रोगालाच ‘सूक्ष्मपुटीय रोग’ असे नाव पडले. नाव पडल्याबरोबर एक गृहीतही त्यामागोमाग आले: नलिकेची रचनाच जन्मतः सदोष आहे, आणि प्रथिनस्राव हा तिचा परिणाम आहे.

या प्रश्नात जीन ऑलिव्हर यांच्या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. सूक्ष्म छेदात नलिकेचा केवळ एक पातळ काप दिसतो. फुगलेला भाग कोठून आला आणि पुढे कोठे जातो, हे त्यावरून कळत नाही. ऑलिव्हर अखंड वृक्काणू सुटे करून त्यांची मांडणी तपासत. १९३९ च्या ग्रंथात त्यांनी जीर्ण ब्राइट-रोगातील मूत्रपिंडाची वास्तुरचना याच रीतीने उलगडली होती. १९६० मध्ये त्यांनी सूक्ष्मपुटीय विकार आणि शैशवातील अपवृक्कता यांच्या संबंधाचा विचार केला. संपूर्ण वृक्काणू समोर असला म्हणजे पुटी ही वेगळी पिशवी नसून सलग नलिकेचाच विस्तारलेला भाग आहे, हे प्रत्यक्ष पाहता येते. बहुपुटी विकाराहून हा मूलभूत भेद होय. तेथे पुटी काही मिलिमीटरची झाली की बहुधा जनक नलिकेपासून तुटते, आणि पुढे तिच्या भित्तीतील पेशींच्या वृद्धीने व त्यांनी स्रवलेल्या द्रवाने वाढत राहते.

निर्णायक पुरावा जननविज्ञानाने दिला. १९९८ मध्ये कार्ल ट्रिग्व्हासन यांच्या गटाने एकोणिसाव्या गुणसूत्रावरील सदोष जनुक शोधून काढले आणि त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला ‘नेफ्रिन’ हे नाव दिले. मूत्रपिंडात नेफ्रिनचे स्थान नलिकेत नाही. केशिकागुच्छावर पाय पसरून बसलेल्या पोडोसाइट पेशींच्या पदप्रवर्धांमध्ये ज्या सूक्ष्म फटी असतात, त्यांवरील पडद्यात ते असते. दोष गाळणीत आणि फुगवटा नलिकेत! तेव्हा फुगवटा हा परिणाम आहे, कारण नव्हे. नेफ्रिनरहित उंदरांवरील २००१ च्या प्रयोगांनी यास दुजोरा दिला. ही पिले जन्मानंतर एका दिवसाच्या आत मरत. परंतु तेवढ्यातच त्यांच्या मूत्रात भरपूर प्रथिन आढळे, आणि बोमन संपुटाची पोकळी व नलिका विस्तारलेल्या दिसत. इतक्या अल्पावधीत दीर्घकालीन व्रणनिर्मितीला वाव नसतो. म्हणून व्रणामुळे पुटीभवन वाढत असले, तरी त्याच्या आरंभासाठी व्रण आवश्यक नाही.

गाळणीतील दोषाचा नलिकेवर परिणाम कसा होतो? याची तीन अंगे आहेत. पहिले अंग प्रथिनभाराचे. समीपस्थ नलिकेच्या पेशी मेगालिन व क्युबिलिन या ग्राहकांच्या साहाय्याने गाळलेले प्रथिन आत ओढून त्याचे लायसोसोममध्ये पचन करतात. हा भार शक्तीबाहेर गेला म्हणजे पेशींत थेंब साचतात, ब्रशसदृश कडा झडते आणि पेशी दाहकारक द्रव्ये सोडू लागतात. दुसरे अंग अडथळ्याचे. हेन्ले पाशाच्या जाड आरोही भागात टॅम-हॉर्सफॉल प्रथिन तयार होते. अल्ब्युमिनच्या सान्निध्यात, मंद प्रवाहात व आम्ल मूत्रात त्याचे साचे बनून दूरस्थ नलिका बुजतात. वरून गाळणे चालू असताना खालची वाट अडली, तर मागच्या भागात दाब साठणे क्रमप्राप्तच आहे. तिसरे अंग केशिकागुच्छाच्या व्रणाचे. उघडा पडलेला गुच्छ संपुटाच्या भित्तीला चिकटतो, गाळलेला द्रव भलत्या वाटेने नलिकेच्या आवरणात शिरतो, आणि नलिकेची सुरुवातच आवळली जाते.

दाबाच्या उपपत्तीला भौतिकीचा आधार आहे. लाप्लासच्या नियमानुसार नळीच्या भित्तीवरील ताण हा दाब व त्रिज्या यांच्या गुणाकाराइतका असतो. म्हणून एकदा रुंदावलेला भाग त्याच दाबाखाली शेजारच्या अरुंद भागापेक्षा अधिक ताण सोसतो आणि अधिकच रुंदावतो. फुगवटे सर्वत्र सारखे नसून ठिकठिकाणी का दिसतात, याचा उलगडा यावरून काही अंशी होतो. परंतु केवळ दाब पुरेसा नाही. लांबी तीच राहून नळीचा व्यास दुप्पट झाला, तर भित्तीचे क्षेत्रफळही दुप्पट होते; ते व्यापण्यास पेशींनी दुप्पट पसरावे, अथवा त्यांची संख्या दुप्पट व्हावी. फिनी प्रकारातील चपट्या पेशी पहिल्या मार्गाची साक्ष देतात.

दुसऱ्या मार्गाचे उदाहरण एचआयव्हीजन्य मूत्रपिंडविकारात मिळते. न्यूयॉर्कमधून १९८४ मध्ये वर्णिलेल्या या विकारात केशिकागुच्छ कोसळतात, प्रथिनस्राव तीव्र असतो, आणि नलिकांत ठळक सूक्ष्मपुटी व साचे असतात. तेथे विषाणूची जनुके नलिकेच्या पेशींतही प्रकट होतात व त्यांच्या विभाजनास चालना देतात. अर्थात छेदातील दृश्य सारखे असले, तरी कारणपरंपरा एकच असते असे नाही.

अल्पतम-बदल प्रकाराकडे पुन्हा पाहिल्यास या विवेचनाची मर्यादा ध्यानात येते. प्रचंड प्रथिनस्राव असूनही तेथे पुटी होत नाहीत. म्हणजे भाराच्या प्रमाणाइतकेच त्याच्या कालावधीला, आणि तो विकसित होत असलेल्या मूत्रपिंडावर पडतो की प्रौढ मूत्रपिंडावर, यालाही महत्त्व असावे. या घटकांचा परस्पर वाटा किती, हा प्रश्न अद्याप खुला आहे.

खूण आणि कारण यांतील हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. गर्भाच्या मूत्रातून प्रथिन जाऊ लागले की गर्भोदकातील अल्फा-फीटोप्रोटीन वाढते, आणि त्यावरून फिनलंडमध्ये गर्भावस्थेतच निदान केले जात असे. परंतु सदोष जनुकाची एकच प्रत बाळगणाऱ्या, म्हणजे जन्मल्यावर निरोगी राहणाऱ्या गर्भांतही ही वाढ तात्पुरती होऊ शकते, असे २००२ मध्ये दिसून आले. केवळ त्या खुणेवर विसंबून गर्भपाताचा निर्णय घेणे म्हणजे निरोगी बालक गमावण्याचा धोका पत्करणे होय. जनुकपरीक्षेची जोड त्यासाठीच अपरिहार्य ठरली. सूक्ष्मपुटींनाही हाच न्याय लागू पडतो. त्या नसल्या म्हणून जन्मजात अपवृक्कता नाकारता येत नाही, आणि असल्या म्हणून ती सिद्धही होत नाही. गाळणीतून झिरपलेल्या प्रथिनाने नलिकेवर उमटविलेला तो ठसा आहे; रोगाचा शोध त्या ठशापासून मागे, गाळणीपर्यंत, न्यावा लागतो.