स्फोटानंतरचे दिवस

मिठागरांच्या काठी वसलेली मीरा रोड व भाईंदर ही गावे आता गावे राहिलेली नाहीत. २०११ च्या जनगणनेत तेथे ८ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली, आणि त्यांतील पुष्कळ कमावत्यांचा दिवस पश्चिम रेल्वेच्या लोकलने जाण्यायेण्यात सरतो. घरी राहिलेल्यांची संध्याकाळही त्या गाडीच्याच वेळेवर चालते. ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी चर्चगेटहून उत्तरेकडे निघालेल्या गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सुमारे ११ मिनिटांच्या अवधीत ७ बॉम्ब फुटले. त्यांतील एक मीरा रोडनजीक फुटला. १८० हून अधिक माणसे प्राणास मुकली, शेकडो जायबंदी झाली.

त्या संध्याकाळवर आधारलेला ‘मुंबई मेरी जान’ हा हिंदी चित्रपट २००८ साली पडद्यावर आला. दिग्दर्शक निशिकांत कामत. ‘डोंबिवली फास्ट’मधील संतापलेला माधव आपटे ज्यांना आठवत असेल त्यांना हे नाव परके नाही. पटकथाही योगेश विनायक जोशी व उपेंद्र सिधये या मराठी लेखकांची. कामत २०२० साली, ऐन पन्नाशीत निवर्तले.

बॉम्ब कोणी ठेवले, हा प्रश्न या चित्रपटात कोणी सोडवीत बसत नाही. चित्रपट नवा असता ही उणीव वाटणे शक्य होते. आज आम्हांस तेच त्याचे शहाणपण वाटते. २०१५ साली विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरविले. त्यांतील ५ जणांस फाशीची शिक्षा झाली. पुढे २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडले. सरकारने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून धरू नये, एवढे त्या न्यायालयाने सांगितले. सुटलेल्यांस पुन्हा तुरुंगात धाडले नाही. ज्या घरांतील माणूस त्या दिवशी परतला नाही, त्यांच्या पदरी १९ वर्षांनंतर एवढेच पडले.

आता चित्रपटातील सुरेशकडे पाहावे. के के मेनन यांनी रंगविलेला हा तरुण कोणाही न्यायाधीशाहून निःशंक आहे. गुन्हेगार कोण हे त्याला हॉटेलात बसल्या बसल्या ठाऊक असते. युसुफ नावाचा एक तरुण रोज तेथे येतो, म्हणून हा त्याचा माग काढू लागतो. आमच्या ओसरीवरही असे निवाडे चहाच्या पेल्याबरोबर होत असतात, आणि वडीलधारी मंडळी त्यांत मागे नसतात, हे वाचक कबूल करतील. सुरेश दुष्ट नाही. त्याच्या घरीही त्याच्यावर माया करणारी माणसे आहेत. म्हणूनच त्याची भीती वाटते.

परंतु चित्रपटाचे काळीज आम्हांस सापडले ते थॉमसपाशी. रात्री सायकलवरून कॉफी विकणारा हा दाक्षिणात्य माणूस बायकोमुलीला घेऊन एका झगझगीत मॉलमध्ये जातो. तेथील अत्तर अंगावर शिंपडतो, आणि चारचौघांत तिघांनाही हाकलून काढण्यात येते. मुलीच्या देखत! पुढे बॉम्बची नुसती आवई उठली तरी असले मॉल रिकामे होतात हे त्याच्या ध्यानी येते, व तो सार्वजनिक टेलिफोनवरून खोट्या धमक्या देऊ लागतो. इरफान खान यांच्या तोंडी संवाद फारच थोडे आहेत. अपमान कसा मुरतो ते डोळ्यांतच दिसते. अशाच एका पळापळीत एक वृद्ध गृहस्थ हृदयविकाराने कोसळतात, आणि त्याचा सूड त्याच्याच अंगावर येतो. अपमान करणाऱ्यांना मात्र त्या प्रसंगाची आठवणही नसेल.

दूरचित्रवाणीच्या वार्ताहर मुलीचे कथानक त्या मानाने आम्हांस ठोकळेबाज वाटले. दुसऱ्यांच्या दुःखापुढे माइक धरणारीचा भावी पती स्फोटात जातो, व तिचीच कचेरी तिच्या रडण्याचा कार्यक्रम करते. टीका रास्त, पण हात जड. निवृत्तीला टेकलेला हवालदार तुकाराम पाटील मात्र परेश रावळ यांनी अविस्मरणीय केला आहे. हा माणूस विनोद करीत नोकरी काढतो, कारण इतक्या वर्षांत आपल्या हातून काहीच घडले नाही हे त्याला पक्के ठाऊक आहे.

राहिला निखिल. पर्यावरणाच्या कळकळीने मोटार न घेता गाडीने जाणारा हा सुशिक्षित गृहस्थ स्फोटातून वाचतो. पण मग फलाटावर पाऊल ठेवणे त्याला जमत नाही. १२ जुलैला गाड्या पुन्हा धावू लागल्या, तेव्हा शहराच्या धीराचे केवढे कौतुक झाले! बहुतेकांना कामावर जाणे भाग होते, हे त्या कौतुकात कोणी फारसे बोलले नाही. निखिलच्या घरी पत्नी गरोदर आहे. नवरा जिवंत परत आला, आणि तरीही तो अजून परतलेला नाही, हे तिला हळूहळू उमगत जाते. अशा स्त्रिया विरारपर्यंतच्या किती स्वयंपाकघरांत असतील, आणि त्यांच्या सासूबाईंनी त्यांना काय सांगून धीर दिला असेल, याचा विचार चित्रपट संपल्यावरही आमचा पिच्छा सोडीना.